रिकामी सोडलेली सम

तबल्यावर केरवा चालू असेल तर सम शोधावी लागत नाही. 'धा गे न ति न क धि न' या आठ मात्रांत डग्ग्याचा घुमारा पहिल्या 'धा'वर येतो, पाचव्या मात्रेला डग्गा गप्प होतो आणि मान आपोआप समेवर डोलते. भजनात टाळ धरणारा असो, लेझमीच्या ताफ्यात ढोलाबरोबर पाऊल टाकणारा असो, आपल्याकडच्या कानाचा हिशोब साधा असतो: जड आवाज आला की सम आली. हाच कान घेऊन माणूस क्यूबाच्या 'सोन' या गाण्या-नाचण्याच्या प्रकाराकडे जातो आणि पहिल्याच गाण्यात चकतो. तिथे जड आवाज चौथ्या मात्रेवर येतो, आणि पहिल्या मात्रेवर बासवाला, म्हणजे खर्जाचं तारवाद्य वाजवणारा, नवा सूर छेडतच नाही.

बासचा रुळलेला साचा नीट बघण्यासारखा आहे. चार मात्रांच्या एका घरात त्याचे दोनच आघात. पहिला दुसऱ्या आणि तिसऱ्या मात्रेच्या मधोमध, म्हणजे अडीचवर, दुसरा चारवर. चारवरचा सूर बहुतेक वेळा पुढच्या घरातल्या स्वरसंगतीचा असतो, आणि तो पुढच्या पहिल्या मात्रेवरून तसाच ओढला जातो. सम येते तेव्हा बास तिथे आधीच येऊन बसलेला असतो. नवखा ऐकणारा हा चारवरचा सूर 'एक' समजतो आणि तिथून मोजायला लागतो. त्याची पावलं एका मात्रेने चुकतात. पण ती नियमाने चुकत असल्यामुळे चूक त्याची त्याला कळत नाही. सगळं जुळतंय असं वाटतं, फक्त जोडीदार सतत थोडा उशिरा येतोय अशी तक्रार राहते.

सोन नाचताना याच चौथ्या मात्रेला धरायचं असतं. आठ मात्रांचं आवर्तन घ्या. नेतृत्व करणाऱ्याचा डावा पाय दोनवर, उजवा तीनवर, डावा चारवर. पाचवर काही नाही. उजवा सहावर, डावा सातवर, उजवा आठवर. एकवर काही नाही. जोडीदाराचे पाय याच्या उलट, वेळ तीच. या नाचण्याला क्यूबात 'कॉन्त्रातिएंपो' म्हणतात. दोन आणि तीन ही पावलं एकेका मात्रेची, चौथ्या मात्रेवरचं 'चौथं' पाऊल मात्र दोन मात्रांचं, कारण ते पाचवी मात्राही पोटात घेतं. 'कासीनो' हे क्यूबाचं पुढचं नृत्य, ज्याला बाहेरचं जग क्यूबन सालसा म्हणतं. ते आज बहुतेक ठिकाणी 'आ तिएंपो' शिकवतात: एक-दोन-तीन, चार रिकामा, पाच-सहा-सात, आठ रिकामा. दोन्हींचा साचा एकच, छोटं-छोटं-लांब. फक्त तो एका मात्रेने सरकवलेला आहे.

एका मात्रेने काय मोठा फरक पडतो, असं वाटू शकतं. कागदावर मांडून बघितलं की उत्तर मिळतं. आठ मात्रांत बासचे आघात अडीच, चार, साडेसहा आणि आठवर. आ तिएंपोची पावलं एक, दोन, तीन, पाच, सहा, सातवर. म्हणजे बासच्या चारांपैकी एकाही आघातावर पाऊल पडत नाही. कॉन्त्रातिएंपोमध्ये चार आणि आठ हे दोन्ही आघात पायाखाली येतात, आणि तेही लांब पावलाच्या जागी, जिथे पूर्ण वजन ठरतं. कोंगाचंही, म्हणजे हाताने वाजवायच्या उंच ढोलाचंही, तसंच आहे. तिच्या नेहमीच्या ठेक्यात, 'तुंबाओ'त, दोनवर एक कोरडी थाप असते आणि चार, साडेचार या जागी दोन उघडे, घुमणारे बोल. कॉन्त्रातिएंपोवाल्याचं दोनवरचं पाऊल थापेवर पडतं, चारवरचं उघड्या बोलावर. आ तिएंपोवाला त्या उघड्या बोलांच्या वेळी थांबलेला असतो; ते त्याला ऐकू येतात, पण त्याच्या पावलात येत नाहीत.

म्हणून आ तिएंपो चूक आहे असं अजिबात नाही. त्याची सोबत वेगळ्या वाद्याशी आहे. गाण्याचा उत्तरार्ध सुरू झाला की बोंगो, म्हणजे दोन छोटे जोडढोल, वाजवणारा ते बाजूला ठेवतो आणि 'कांपाना' ही हातातली मोठी घंटा घेतो. तिचा भरदार ठोका एक, तीन, पाच, सातवर पडतो, मधल्या जागी बारीक टोले. आ तिएंपोची चार पावलं नेमकी या भरदार ठोक्यांवर पडतात. वेगवान गाण्यात, मोठ्या बँडच्या गजरात, घंटा पकडून नाचणं हा पक्का आधार आहे. घंटेला एक आणि तीन सारखेच असल्यामुळे हवानात अनेक जण तीनवर सुरुवात करून तसेच नाचत राहतात, आणि तेही चालतं. चालत नाही ते एवढंच, की गाण्याच्या मध्येच नकळत एकवरून दोनवर, दोनवरून चारवर घसरत जाणं.

आता क्लावे. त्या दोन लाकडी दांड्या साधारण वीत-सव्वा वीत लांब, इंचभर जाड, कठीण लाकडाच्या. हवानाच्या जहाजबांधणीत फळ्या जोडायला ज्या लाकडी खुंट्या वापरत त्यांतूनच त्या आल्या असं मानलं जातं. धरण्याची पद्धत बघण्यासारखी आहे. एक दांडी मूठ आवळून धरली तर आवाज मरतो, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा 'ठक' येतो. डाव्या हाताची बोटं वाकवून तळव्याखाली पोकळी करायची, दांडी नखांच्या टोकांवर आणि अंगठ्यावर नुसती टेकवायची आणि दुसऱ्या दांडीने तिच्या मध्यावर मारायचं. मग तळव्यातली पोकळी हौदासारखं काम करते आणि स्वच्छ, उंच, सगळा बँड भेदून जाणारा टणत्कार येतो. टेकवलेली दांडी मादी, मारणारी नर, असं क्यूबात म्हणतात.

या दांड्यांवर वाजणाऱ्या ठेक्यालाही क्लावेच म्हणतात. त्याचे आठ मात्रांत पाच आघात. एक, अडीच, चार. मग सहा, सात. ही तीन-दोन क्लावे. गाण्याची चाल उलट बाजूने सुरू होत असेल तर दोन-तीन: दोन, तीन, मग पाच, साडेसहा, आठ. अर्ध्या मात्रा मोजल्या तर एकूण सोळा, आणि आघातांमधली अंतरं ३-३-४-२-४. ही क्लावे हातात बसवायची तर 'दोन-आणि-तीन-आणि' अशी मोजणी करू नका, तोंड अडखळतं. त्यापेक्षा एका चालीत म्हणा: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन तीन चार, एक दोन, एक दोन तीन चार. प्रत्येक 'एक'वर टाळी. दहा मिनिटांत टाळी बसते. मग त्याखाली पायाने, पहिल्यापासून एक आकडा सोडून एक, असा सरळ ठेका धरा. इथे बहुतेकांची टाळी मोडते, कारण दुसरी टाळी पायाच्या दोन ठेक्यांच्या बरोबर मध्ये येते आणि हात तिला पायाकडे ओढून नेतो. मोडली की वेग निम्मा करायचा. पायाला थांबवून टाळी सुधारण्यात अर्थ नाही, कारण शेवटी दोन्ही एकत्रच लागणार आहेत.

दोन-तीन क्लावेवर पावलं ठेवून बघा. कॉन्त्रातिएंपोमध्ये दोन, तीन आणि आठ या तीन जागी क्लावे आणि पाऊल एकत्र येतात. आ तिएंपोमध्ये दोन, तीन आणि पाच. दोघांच्या वाट्याला तीन-तीनच आघात. फरक आहे तो आठ आणि पाचमध्ये. आठवरचा तो आघात, ज्याला वादक 'पोंचे' म्हणतात, तिथेच बास आणि कोंगाही भेटतात. सोनमधली सगळ्यात गजबजलेली जागा ती, आणि कॉन्त्रातिएंपो नाचणाऱ्याचं लांब पाऊल तिच्यावर उभं असतं. त्याच्या पुढचा 'एक' मोकळा. दोन-तीन क्लावेत एकवर क्लावेचाही आघात नाही, बासचाही नाही, पायाचाही नाही. ही रिकामी सम ऐकायला येऊ लागली की सोन समजायला लागलं असं मी मानेन. आकडे पाठ असणं वेगळं.

क्लावेबद्दल एक गैरसमज मात्र सोडून द्यावा. क्लावे ऐकली म्हणजे नाच आपोआप तालात येतो असं नाही, आणि सगळ्या गाण्यांत ती प्रत्यक्ष वाजतेच असंही नाही. सोनचा पूर्वेकडचा आप्त, ग्वान्तानामोचा 'चांग्वी', क्लावेशिवायच चालतो: त्रेस (गिटारसारखं वाद्य), बोंगो, मारिंबुला (धातूच्या पट्ट्यांची, खर्ज देणारी पेटी), ग्वायो (घासून वाजवायचं खरखरीत वाद्य) आणि माराकास (खुळखुळे) एवढ्यावर. सोन स्वतःही त्याच पूर्वेकडच्या डोंगराळ भागातला. विसाव्या शतकाच्या पहिल्या-दुसऱ्या दशकात तो हवानात स्थिरावला. १९२० मध्ये उभ्या राहिलेल्या सेक्स्तेतो हाबानेरोसारख्या सहा जणांच्या बँडनी त्याला घडीव रूप दिलं: गिटार, त्रेस, बास, बोंगो, माराकास, क्लावे. १९२७ च्या सुमारास ट्रंपेट आली आणि सहाचे सात झाले. कोंगा आणि पियानो पक्के झाले ते १९४० च्या दशकात, अंध त्रेसवादक आर्सेन्यो रोद्रिगेस यांच्या बँडमुळे. म्हणजे ज्या कोंगाच्या उघड्या बोलावर आज आपण चौथं पाऊल शिकवतो, ती येण्याआधीही लोक सोन नाचतच होते. बास होता, बोंगो होता, आणि तीन दुहेरी तारांच्या त्रेसवर फिरत राहणारी तीच ती छोटी ओळ होती.

शिकताना काय बिघडतं, तर सगळ्यात जास्त ती रिकामी मात्रा. संथ सोन मिनिटाला १२० मात्रांनी चालला तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची, आणि चौथ्या पावलाला पूर्ण एक सेकंद मिळतो. कासीनोच्या गाण्यात १८० मात्रा धरल्या तर एक मात्रा सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याची, लांब पाऊल दोन तृतीयांश सेकंदाचं, आणि सगळं आवर्तन पावणेतीन सेकंदांच्या आत संपतं. या वेगात पाचवी मात्रा गिळली जाते. पाऊल साडेपाचवर पडायला लागतं, मग पुढच्या आवर्तनात आणखी आधी, आणि दहा-बारा आवर्तनांत माणूस एकवर येऊन ठेपतो. तो म्हणतो, मला मोजता येत नाही. मोजता येत असतं. चौथ्या पावलावर वजन पूर्ण आलेलं नसतं, म्हणून शरीर पडायला लागतं आणि पडणारं शरीर सावरायला पुढचा पाय लवकर निघतो.

ते चौथं पाऊल जवळून बघू. डावा चवडा जमिनीला लागतो तेव्हा गुडघा किंचित वाकलेला. मग टाच टेकते, वजन वरून खाली उतरतं, आणि गुडघा सरळ होताना डावा कुल्हा स्वतःहून बाजूला जातो. कुल्हा हलवायचा नसतो. गुडघा आणि वजन नीट झाले की तो हलतो. मुद्दाम हलवला की कंबर वेगळी आणि पाय वेगळे दिसतात. कुल्हा बाजूला स्थिरावेपर्यंत चौथी मात्रा संपून पाचवी चालू झालेली असते. म्हणजे रिकामी मात्रा थांबलेली नसते, वजन तिच्यातून प्रवास करत असतं. तपासायची खूण सोपी: पाचवर उजवा पाय जमिनीपासून बोटभर उचलता आला पाहिजे, शरीर अजिबात न सरकवता. उचलताना धड डावीकडे झुकवावं लागलं, तर वजन अजून दोन पायांत वाटलेलं आहे.

याचमुळे रिकाम्या मात्रेवर पायाचा टोला मारायची सवय सुरुवातीला नको. कासीनोत चार आणि आठवर चवड्याने जमिनीला टोकणं दिसतं, छानही दिसतं. पण ज्याचं वजन अजून ठरलेलं नाही त्याचा टोला हळूहळू पाऊल होतो. मग तीनऐवजी चार पावलं पडतात आणि पुढच्या अर्ध्यात पाय उलटा निघतो. पाऊल मोठं टाकणं हाही तसाच दोष. स्वतःच्या पावलाच्या लांबीएवढं अंतर पुरे; त्याहून लांब गेलं तर परत यायला वेळ उरत नाही, आणि तो वेळ शेवटी रिकाम्या मात्रेतूनच चोरला जातो. रबरी तळव्याचे बूट वळताना जमिनीला धरतात, त्यामुळे वळण उशिरा संपतं. चामडी तळवा बरा.

सराव उलट्या बाजूने करावा असं माझं ठाम मत आहे. बहुतेक ठिकाणी आधी 'एक' शोधायला लावतात. सोनसाठी आधी 'चार' शोधा. संथ गाणं लावा, उभे राहा आणि फक्त बासच्या चारवरच्या सुरावर एक पाऊल टाका: चारवर डावा, आठवर उजवा. अख्खं गाणं एवढंच. हे कंटाळवाणं वाटतं, पण वजन एका पायावर पूर्ण आणण्याची दुसरी इतकी चांगली तालीम नाही. दुसऱ्या गाण्यात त्याच्या आधी एक पाऊल जोडा, तीन आणि चार. पाऊल जोडलं की पायांची अदलाबदल बदलते, दर वेळी तोच पाय पुढे येतो. बावरू नका, ते बरोबर आहे. तिसऱ्या गाण्यात दोन जोडा, म्हणजे पाय पुन्हा आलटून पालटून येतील. असं मागून पुढे बांधत आलं की पहिली मात्रा आपोआप मोकळी राहते, कारण तिला आपण कधी हातच लावलेला नसतो.

ज्यांना चाचाचा येतो त्यांच्यासाठी याहून सोपी वाट आहे. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हायोलिनवादक एन्रिके होर्रीन यांनी रूढ केलेल्या या नाचात पावलं दोन, तीन, चार, साडेचार, एक अशी पडतात. शेवटची दोन छोटी पावलं काढून टाका, चारवर उभे राहा, सोनची वेळ मिळाली. दोन्हींत पावलं विषम, पाच आणि तीन, त्यामुळे पुढच्या अर्ध्याला निघणारा पायही दोन्हींत एकच असतो.

न्यूयॉर्कच्या 'ऑन टू'शी मात्र याची गल्लत करू नये. एडी टॉरेस यांच्या शिकवण्यातून पसरलेल्या त्या पद्धतीत दिशा बदलते दोन आणि सहावर, पण पावलं एक-दोन-तीन, पाच-सहा-सात अशीच पडतात आणि रिकाम्या मात्रा चार आणि आठ. तिला 'दोनवर' म्हणतात आणि सोनलाही 'दोनवर' म्हणतात. मग एकाने एक पद्धत शिकलेली, दुसऱ्याने दुसरी, असे दोघे हात धरून उभे राहिले की पहिल्याच आवर्तनात एकमेकांच्या पायांवर येतात. जोडीदाराला 'दोनवर का' असं विचारू नका. 'एक रिकामा की चार' असं विचारा.

जोडीने नाचताना वेळेचा प्रश्न हातांतून येतो. कासीनोत 'एनचुफ्ला', म्हणजे दोघांनी वळून जागा बदलायची चाल, एकवर सुरू करायची सवय झालेला माणूस कॉन्त्रातिएंपोत आला की त्याचे पाय दोनवर जातात, हात मात्र एकवरच ओढतो. त्या क्षणी जोडीदाराचं वजन आठच्या पावलावर उतरत असतं. खांद्याला हिसका बसतो आणि ती बिचारी तोल सावरायला एक जास्तीचं पाऊल टाकते. इथे रिकामी मात्रा कामाला लावायची असते. एकवर हात फक्त वर येतो, दिशा सांगतो, ओढत नाही. दोनवर दोघंही निघतात. सोनच्या बंद पकडीत हे आणखी स्पष्ट असतं: पाठ ताठ, छाती वर, गुंफलेले हात बासबरोबर हलके वर-खाली.

रुएदामध्ये, म्हणजे अनेक जोड्या गोलात उभ्या राहून एकाच्या हाकेवर जोडीदार बदलतात तेव्हा, हाक देणाऱ्याचा हिशोब आणखी काटेकोर लागतो. हे प्रकरण १९५० च्या दशकात हवानात घडलं आणि नाव मिळालं कासीनो देपोर्तिवो या क्लबावरून. आ तिएंपो रुएदात 'दामे' (पुढचा जोडीदार घ्या) किंवा 'एनचुफ्ला' ही हाक सातच्या आत पूर्ण झाली पाहिजे, म्हणजे आठची रिकामी मात्रा ऐकणाऱ्यांना समजून घ्यायला मिळते आणि सगळे एकवर निघतात. आठवर दिलेली हाक ही उशिराची हाक. अर्ध्या जोड्या निघतात, अर्ध्या पुढच्या आवर्तनाची वाट बघतात, आणि गोल तुटतो.

गाणं पुढे सरकलं की नाचही बदलला पाहिजे, याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. सोनचा पहिला भाग गोष्ट सांगणारा. तिथे बोंगोवर 'मार्तियो'चा बारीक, अखंड ठेका चालतो; पावलं लहान, जोडी जवळ. मग कोरसची छोटी ओळ फिरून फिरून यायला लागते, मुख्य गायक तिच्यामधल्या जागा भरतो, बोंगोवाला घंटा उचलतो. हा 'मोंतूनो'. वळणं आणि खेळ इथे. आधीच सगळी वळणं संपवलेल्या माणसाकडे इथे काही उरलेलं नसतं. पुढच्या पिढीच्या 'तिंबा' या क्यूबन संगीतात तर बास मध्येच पूर्ण थांबतो किंवा सरकत गुरगुरतो. चारवर विसंबलेल्या नर्तकाची जमीनच जाते. अशा वेळी पावलं मोजत ओढत नेण्यापेक्षा हात सोडून, जागेवर उभं राहून अंग हलू द्यावं आणि बास परत येईपर्यंत थांबावं.

आणि सुरुवात करतानाही घाई नको. पहिला सूर आला म्हणून पहिलं पाऊल टाकायचं नसतं. जोडीदाराचा हात घ्या, दोन आवर्तनं जागेवर उभे राहा, वजन नुसतं डावीकडून उजवीकडे जाऊ द्या. बासचा चार ऐका, मग आठ ऐका. आठवर उजव्या टाचेवर पूर्ण या. एक जाऊ द्या. दोनवर डावा पाय.